पेरूचा पेशंट

मागच्या वर्षीची केस. सव्वीस वर्षांचा मुलगा, आईला घेऊन आला होता. खालचे पुढचे दात वरच्यांच्या बाहेर, अगदी लहानपणापासून. "आजोबांचा जबडा घेतलाय त्याने," आई म्हणाली, आणि खरंय ते, हे घराण्यात चालत येतं. आधी एका ठिकाणी थेट जबड्याचं ऑपरेशनच सांगितलेलं, म्हणजे जबडा कापून मागे घ्यायचा आणि प्लेट-स्क्रूने बसवायचा. पोरगा घाबरून दोन वर्षं घरीच बसला.

मी एक्स-रे बघायच्या आधी त्याला म्हटलं, जीभ मागे टाळूला लाव आणि हळूच दात मिट. आणि काय, पुढचे दात बरोब्बर टोकाला टोक लागले! मग दाढा टेकवायला म्हणून जबडा सर्रकन पुढे घसरला. म्हणजे निम्मा दोष हाडाचा आणि निम्मा या घसरण्याचा. सेफ, म्हणजे डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे, काढला तर खालचे दात फारसे आत झुकलेले नव्हते, म्हणजे मागे घ्यायला जागा होती. ते आधीच आत झुकलेले असते किंवा हिरडी पातळ असती तर मी हात लावला नसता, त्याच महिन्यात एका मुलीला मी स्वतःच सर्जनकडे पाठवलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याला दोनदा सांगितली, घसरणं थांबलं तरी हनुवटीचं हाड आहे तेवढंच राहणार, मागे जातील ते दात. "चालेल मॅडम, फोटोचं नाही, खायचं बघा. पेरू पुढच्या दातांनी तोडता येत नाही मला."

खालच्या अक्कलदाढा काढल्या, पुढचे दात एकमेकांत अडकू नयेत म्हणून दाढांवर निळं सिमेंट लावून चावा उघडला, तारा, खालच्या दाढांच्या बाजूला हाडात दोन छोटे स्क्रू, आणि खालचे दात मागे ओढायला रबर, जेवताना सोडून चोवीस तास. रबर लावायचा कंटाळा करणारे पेशंट मला पाठ आहेत पण हा पठ्ठ्या गाडी चालवताना पण बदलायचा.

चौथ्या महिन्यात मधेच फोन, "मॅडम दात आपटतायत, काहीतरी बिघडलं." बोलावलं. बघते तर वरचे दात खालच्यांवरून पुढे आलेले! अजून नीट बसले नव्हते म्हणून आपटत होते. आरसा दिला हातात, तर किती वेळ नुसता तोंड उघडतोय मिटतोय, उघडतोय मिटतोय. आई बाहेर जाऊन डोळे पुसून आली.

जाताना बजावलं, तारा असेपर्यंत कडक काही तोडायचं नाही. पुढच्या वेळी आला तर वरचा एक ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला तुकडा, गायब. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

"पिकलेला होता मॅडम."