ठाण्याहून मोत माउलीला, चालत

मोत माउलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमधल्या मरियामातेला, मी नवस बोलले नव्हते. बोलावा असं घरच्यांना वाटत होतं, सासूबाईंनी तसं सुचवूनही पाहिलं, पण देवाशी असा सौदा मांडायला माझी जीभ रेटेना. तरी यंदा जत्रेच्या आठवड्यात ठाण्याहून वांद्र्याला चालत जाणाऱ्या गटात मी नाव दिलं. घरात बसून मला प्रार्थना होईनाशी झाली होती. गुडघे टेकले की मन हिशोबाला लागायचं. आज ह्यांनी किती पाणी प्यायलं, वजन किती वाढलं, रिपोर्टात पोटॅशियम किती येईल. चालता चालता तरी तोंडून धड एक ‘नमो मरिया’ निघेल, एवढीच आशा होती.

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, दर वेळी चार तास. त्यासाठी डाव्या हातात फिस्टुला केलाय, म्हणजे ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडली आहे. तिथे बोटं टेकवली की कातडीखाली रक्त धावताना एक बारीक थरथर लागते. ती लागेनाशी झाली तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं, हे आम्हाला सुरुवातीलाच बजावलं होतं. तेव्हापासून रात्री जाग आली की अंधारात माझा हात ह्यांच्या मनगटावर जातो. थरथर लागते, मग मी पुन्हा डोळे मिटते. दिवसा मी कामावर, बाजारात, चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला सगळीकडे ठीक असते. भीती रात्रीची येते, आणि ती माझ्या बोटांच्या टोकांत येऊन बसते.

शेजारच्या काकू आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. मी वांद्र्याला चालत निघालेय म्हटल्यावर त्या तेलाची बाटली घेऊनच आल्या. “तळपायाला आत्ताच चोळ. नवीन चपला अजिबात नको. आणि रस्त्यात विसावा घ्यायचा तो उभ्याउभ्याच गं, एकदा बसलीस की पाय उठू देत नाहीत.” सगळं अगदी खरं निघालं.

शुक्रवारी रात्री तलावपाळीच्या संत जॉन द बॅप्टिस्ट चर्चपासून आम्ही निघालो. पुढे क्रूस, हातात रोजऱ्या, म्हणजे जपमाळा, पाठीवर पाण्याच्या बाटल्या, आणि पाऊस येणार की नाही याची चर्चा. निघण्याआधीच्या प्रार्थनेत ठाण्याच्या हुतात्म्यांचं नाव घेतलं गेलं. ही गोष्ट मी लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात ऐकली होती, आणि बरीचशी विसरलेही होते.

१३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी जहाजातून ठाण्याला उतरले. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. त्यांना जायचं होतं चीनला, वाटेत ठाणं लागलं. इथल्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांना उभं करण्यात आलं, श्रद्धेबद्दल विचारण्यात आलं, आणि ती त्यांनी नाकारली नाही म्हणून तिघांना ९ एप्रिलला आणि पीटरना दोन दिवसांनी ठार मारण्यात आलं. त्यांच्यातल्या थॉमसना १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘धन्यवादित’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं. आपण ज्या शहरात भाजी आणतो, लोकल पकडतो, त्याच शहरात हे घडलं, याचा मला त्या रात्री प्रथमच अंगावर काटा आला.

पण चालायला लागल्यावर माझ्या डोक्यात राहिला तो या चौघांबरोबर आलेला पाचवा माणूस, जॉर्डानुस. हा डोमिनिकन, म्हणजे दुसऱ्या संघाचा संन्यासी, फ्रान्सच्या सेवेराकचा. हत्या झाली तेव्हा तो ठाण्यात नव्हता. परतला तो मित्रांना पुरण्यासाठी. त्यांचे देह त्याने सोपाऱ्याला दफन केले आणि मग तो याच भागात राहिला. १३२४ च्या जानेवारीत त्याने ठाण्याहून लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. त्यात तो आपल्या एकटेपणाबद्दल लिहितो, आजारपण, तहानभूक आणि कैदेबद्दल लिहितो. मित्रांबरोबर आपल्यालाही मरण आलं असतं तर बरं, असा त्याचा सूर आहे. कुठे शौर्याचा आव नाही.

मला वाटतं आपल्या चर्चमध्ये जॉर्डानुसबद्दल फार कमी बोललं जातं. हुतात्म्यांची कसोटी भयंकर होती, पण ती दोन-तीन दिवसांत संपली. मागे राहिलेल्याला रोज सकाळी उठून पुन्हा विश्वास ठेवावा लागतो. ज्यांच्या घरी कुणी दीर्घ आजारी आहे, ती सगळी माणसं या पाचव्याच्या रांगेतली. धावून जाऊन एकदाच काही करून टाकावं असं तिथे काही नसतं. मंगळवार येतो, गुरुवार येतो, शनिवार येतो.

तीन हात नाका, मुलुंड चेकनाका. एलबीएस मार्गावर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले, त्यामुळे दोघा-दोघांनीच चालता येत होतं. ट्रकचे दिवे अंगावर येत. माझ्या जोडीला आमच्या वाडीतल्या एक मावशी होत्या, सत्तरीच्या. त्यांचे मिस्टर कॅन्सरने गेले. तेव्हा त्यांनी माउलीकडे किती मागितलं असेल, हे मला ठाऊक आहे. सोनापूरच्या सिग्नलला मी न राहवून विचारलं, “मावशी, मागितलेलं मिळालं नाही, तरी तुम्ही येता?”

“मिळालं नाही तेव्हा पहिल्या वर्षी रागाने आले,” त्या म्हणाल्या. “वाटभर भांडत आले तिच्याशी. तिचाही मुलगा तिच्या डोळ्यांदेखत गेला ना. भांडायला तिच्यापेक्षा बरं माणूस कुठे मिळणार?” आणि त्यांनी रोजरीचा पुढचा मणी धरला.

रोजरी म्हणताना येशूच्या आयुष्यातले प्रसंग डोळ्यांपुढे आणायचे असतात, त्यांना रहस्ये म्हणतात. शुक्रवार, म्हणून दुःखाची रहस्ये. पहिलं रहस्य गेथशेमनीच्या बागेचं, जिथे येशूने अटकेआधी प्रार्थना केली. भांडुप ते कांजूर मी त्या एकाच रहस्यात अडकले. ह्यांचं दुखणं सुरू झाल्यापासून मला भल्या माणसांनी अनेकदा ऐकवलंय की विश्वास असेल तर भीती कशाला, तुझाच विश्वास कुठेतरी कमी पडतोय. प्रेमाने म्हणतात, पण हे बोलणं आजारी घराला फार लागतं, आणि माझ्या मते ते शुभवर्तमानाला धरूनही नाही. त्या बागेत प्रभू स्वतः भ्यायला. हा प्याला टळू दे, असं त्याने बापाला विनवलं. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने तर आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. आधी स्वर्गातून देवदूत आला आणि त्याने येशूला बळ दिलं. त्याच्यानंतरच्या ओळीत येशू अधिकच व्याकूळ होऊन प्रार्थना करतो, आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. म्हणजे मदत आली, तरी यातना थांबली नाही. मदत मिळाली ती कशासाठी, तर त्या यातनेतही बापाशी बोलणं चालू राहावं म्हणून. हे मनात उमटलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले. मागून येणाऱ्या पोराने विचारलं, “आंटी, पाय मुरगळला का?”

घाटकोपरला श्रेयस सिनेमाच्या आसपास फोन थरथरला. रात्रीचे दोन वाजून गेले होते. असल्या वेळी घरून फोन म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना सांगायला नको. बॅगेची चेन उघडेपर्यंत माझ्या मनात अँब्युलन्स येऊन गेली होती, आणि मी घर सोडून आल्याबद्दल लोक काय म्हणतील तेही. मुलाचा मेसेज होता. “बाबा झोपलेत. हात बघितला, चालू आहे.”

मी त्याला हात बघायला सांगितलंच नव्हतं. तो बारावीला आहे. रात्री मी उठते, चाचपते, हे त्याला कळतंय अशी मला कल्पना नव्हती. आपली भीती आपण एकटीनेच उराशी धरली आहे असं मी समजत होते आणि पलीकडच्या खोलीत तो तीच भीती घेऊन जागा असायचा. पुलाच्या खांबाला टेकून मी खूप रडले. मावशी काही बोलल्या नाहीत. माझी बॅग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि माउलीच्या कमानीपर्यंत परत दिली नाही. त्या टप्प्यात प्रार्थना म्हणायचं भान मला नव्हतं. पुढचे मागचे म्हणत होते, मी त्यांच्या आवाजावर पाऊल टाकत होते, आणि मला वाटतं माझी त्या रात्रीची सगळ्यात खरी प्रार्थना तीच होती.

कुर्ल्यानंतरचं फारसं आठवत नाही. बीकेसीतले रिकामे रुंद रस्ते, कलानगर, मग उजाडायच्या आत हिल रोड. तिथून मात्र थकवा कमी झाला, कारण चारी बाजूंनी माणसं येऊन मिळत होती. साडीतल्या कोळणी, वसईचे लोक, डोक्याला टिळा लावलेलं एक अख्खं कुटुंब. माउली कुणाला परकी मानत नाही.

चढावर मेणबत्त्यांचे स्टॉल. मेणाचे हात, पाय, डोळे, घर, तान्हं बाळ, ज्याला जे दुखतं किंवा हवं असतं ते. विकणाऱ्या बाईंनी “काय पाहिजे?” विचारलं तेव्हा मी मेणाचा हात उचलला. तो हातात घेतल्यावर त्या मूर्तीची गोष्ट आठवली. १७०० च्या सुमारास चाचे आले आणि मूर्तीच्या हातात काही सोन्याचं असावं म्हणून त्यांनी तिचा उजवा हात छाटला, असं सांगतात. पुढे मूर्ती समुद्रात गेली आणि एका कोळ्याला स्वप्न पडलं की माउली पाण्यात आहे, तिला आण. जिच्यापुढे आम्ही दुखरे हात घेऊन येतो, तिच्या मूर्तीनेही हात गमावलेला आहे. मला याचा फार मोठा धीर वाटला.

मिस्साला उभं राहायलाही जागा नव्हती. मी ह्यांच्यासाठी किडनी मागितली, सरळ मागितली, नवस न बोलता. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे, कुणाच्या तरी घरच्या दुःखातून ती येणार आहे, म्हणून त्या अनोळखी घरासाठीही मागितलं. भीती गेली नाही. पण महिन्यांनंतर मला प्रार्थना करता आली, सलग, हिशोब मध्ये न येता.

शनिवार होता, दुपारी डायलिसिस. वांद्र्याहून दादर, दादरहून ठाणे, घरी आंघोळ करून थेट सेंटरवर. ह्यांना मशीनला लावलेलं होतं. मी सुजलेले पाय खुर्चीखाली लपवले, तरी त्यांना दिसलेच. मुलाच्या मेसेजबद्दल मी सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, त्याच्याशी आज रात्री तिघांनी बसून बोलू. त्याला सगळे रिपोर्ट दाखवू, काही लपवायचं नाही. आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांनी हो म्हटलं तर ते कलानगरपासून चालणार आहेत. गटाच्या काकांना मी त्यांचं नाव कळवलं आहे, आणि मुलाचं ठाण्यापासूनचं.