माल काय भरणार?

जुन्या मोटारीवर जीव टाकणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे कौतुकाने पाहिले जाते. कोणी आजोबांच्या काळातली फियाट घासूनपुसून रस्त्यावर आणली, की लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. ट्रकच्या नशिबी हे कौतुक नाही. ट्रक हौसेने कोणी घेत नाही. तो भाड्यासाठी घेतला जातो, कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत रात्रंदिवस पळवला जातो, आणि मग उसाची वाहतूक, पाण्याचा टँकर अशा एकेक पायऱ्या उतरत भंगारबाजारात पोहोचतो. त्यामुळे कराडजवळच्या एका गावातून मी १९६८ सालचा, लांब बॉनेटचा टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक विकत घेतला आणि तो चिपळूणला घरी न्यायचे ठरवले, तेव्हा विकणाऱ्यापासून चहाच्या टपरीवाल्यापर्यंत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: ‘माल काय भरणार?’ काही भरणार नाही, असे मी सांगितले की समोरचा माणूस थोडा वेळ माझ्याकडे पाही आणि विषय बदली.

टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या, स्टुटगार्टच्या डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. तो करार १९६९ मध्ये संपला आणि जाळीवरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे टाटांचे चिन्ह आले. माझा ट्रक त्या ताऱ्याच्या शेवटच्या दिवसांतला आहे. बॉनेटच्या बाजूला १२१० हा आकडा आहे. बारा म्हणजे मालासकट बारा टन वजन आणि दहा म्हणजे शंभर अश्वशक्ती. शंभर अश्वशक्ती आज शहरातल्या मध्यम मोटारीतही असते आणि ती बहुधा एकट्या माणसाला कचेरीत पोहोचवण्यात खर्ची पडते. या ट्रकच्या सहा सिलिंडरांनी तेवढ्यातच बारा टनांचा संसार ओढला. वेग अर्थातच मिळाला नाही, पण त्याची अपेक्षाही कोणी केली नव्हती.

कायद्यालाही माझ्यासारखा गिऱ्हाईक ठाऊक नसावा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला नंबरपट्टीवर ‘व्हीए’ ही वेगळी अक्षरे मिळू शकतात. मात्र ही सवलत दुचाकींना आणि खासगी वापराच्या प्रवासी मोटारींना आहे. मालवाहू गाडी कितीही म्हातारी झाली तरी नियमांच्या दृष्टीने ती नोकरीतच असते. तिने दरवर्षी तपासणीला उभे राहायचे आणि फिटनेसचा दाखला घ्यायचा. विकणाऱ्या कुटुंबाने हे दाखले चिकाटीने चालू ठेवले होते, म्हणून तर जुना तीन अक्षरी नंबर अजून जिवंत होता. मला ही निवृत्तीची अट अन्यायाची वाटते, पण सरकारपुढे ट्रकची बाजू मांडणार कोण?

बारा टनांची गाडी माझ्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येत नाही. त्यासाठी अवजड वाहनाचा परवाना लागतो. म्हणून वाटेतल्या कुंभार्ली घाटात उमेदीची वर्षे काढलेल्या एका जुन्या ड्रायव्हरला विनंती केली. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर ठोकून पाहिले, फाळका उघडून हौद्यात नजर टाकली आणि म्हणाले, ‘साहेब, रिकामी गाडी उडती. हिला वजन लागतं.’ मला ती अंधश्रद्धा वाटली, पण पहिल्या दोन किलोमीटरांत पटले. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कित्येक टन माल तोलण्यासाठी बेतलेले असतात. माल नसला की ते वाकतच नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या मणक्यात येतो. मागची चाके जमिनीला धरून राहत नाहीत, त्यामुळे ब्रेकही नीट लागत नाही. शेवटी वाटेतल्या एका गोठ्यावर थांबून माझ्या आंब्याच्या कलमांसाठी शेणखत भरले. पुढे स्टुटगार्टचा तारा, मागे कराडचे शेणखत. गाडी एकदम शहाण्यासारखी चालू लागली.

अण्णांचे गिअर बदलणे पाहत मी पाटणपर्यंतचा रस्ता काढला. आजच्या गाडीत क्लच दाबला आणि दांडी सरकवली की काम झाले, कारण दातेरी चाकांचा वेग जुळवून घेणारी योजना गिअरपेटीतच असते. इथे ते काम माणसाने करायचे. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून दांडी मधे आणायची, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटरला एक बेताचा झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि इंजिनाचा आवाज बरोबर त्या उंचीला असतानाच दांडी पुढे सारायची. याला डबल क्लच म्हणतात. सूर चुकला तर गिअरपेटी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी तक्रार करते. अण्णांच्या हातून ती तक्रार झाली नाही. ते काट्यांकडे बघतही नव्हते (त्यातला एक काटा तसाही हलत नव्हता). तबलजीने मान कलती करून सूर ऐकावा तसे ते इंजिन ऐकत होते.

कोयनानगर मागे पडल्यावर कुंभार्ली घाट सुरू होतो. कोयनेचे पूर्वेला जाणारे पाणी इथेच सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले आहे आणि ते साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडते. पाण्याला सरळ पडण्याची मुभा आहे. ट्रकला तेच अंतर वळणावळणांनी उतरावे लागते. उताराच्या अलीकडे अण्णांनी गाडी जवळजवळ थांबवली, खालचा गिअर टाकला आणि पोफळीपर्यंत त्याला हात लावला नाही. ज्या गिअरात गाडी घाट चढते, त्याच गिअरात तो उतरायचा, हा त्या पिढीचा नियम. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना घासणारे अस्तर जळल्याचा वास येतो आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबूनही फारसे काही होत नाही. उतारावर मध्येच गिअर बदलायला जाणे त्याहून वाईट, कारण तो पडला नाही तर गाडी मोकळी सुटते. डिझेल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल अण्णा जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मागे मोटारींची रांग लागली होती. आमच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ अजून शाबूत आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात ही अक्षरे रंगवायला बंदी झाली, तेव्हा ती पुसायला हवीत हे मला कळते. त्या रांगेने मात्र प्लीज या शब्दाचा मान पुरेपूर राखला.

घरी आल्यावर खत उतरले, ब्रेकची अस्तरे बदलायला दिली आणि हौद्याच्या कुजलेल्या फळ्या दाखवण्यासाठी सुताराला बोलावले. त्या काळी कारखान्यातून बहुधा नुसती चेसिस, म्हणजे इंजिन आणि चाकांसह सांगाडा, येई आणि केबिन, हौदा गावोगावचे सुतार घडवत. त्यामुळे या जर्मन वंशाच्या गाडीत कराडकडच्या सुताराच्या रंध्याच्या खुणा आहेत. आमच्या सुताराने त्या जाणकारपणे तपासल्या. तळाला ऐन घालू, तो भिजला तरी टिकतो, असे म्हणून त्याने टेप काढली आणि फळीची जाडी ठरवण्यासाठी विचारले, ‘भाऊ, माल काय भरणार?’ मी चार टन असे सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतले आणि दीड इंचाची फळी लागेल म्हणाला.