भरिताच्या रात्री ऐकलेली ‘कट्यार’

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी यावल तालुक्यातील एका मळ्यात आमच्या मंडळाची बैठक भरते. मंडळ म्हणावे असे त्यात फारसे काही नाही. घटना नाही, वर्गणीची पावती नाही, आणि अध्यक्षपद तर गेल्या कित्येक वर्षांत कोणी मागितलेलेही नाही. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले चार-पाच जण, फैजपूर-सावद्याकडचे दोन शिक्षक, एक केळीचे व्यापारी, पेटी वाजवणारे नाना आणि आम्ही काही नुसते ऐकणारे, असा पंधरा-वीस जणांचा हा गोतावळा आहे. दुपार कलली की कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून त्यांच्या जाळावर बामणोदची वांगी भाजायला घ्यायची, हिरवी मिरची आणि लसूण घालून भरीत घोटायचे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ते पोटभर खायचे आणि अंधार पडल्यावर घोंगड्या पांघरून नाट्यसंगीत ऐकायचे, हा क्रम टाळेबंदीचे वर्ष सोडले तर पंचवीसेक वर्षांत मोडलेला नाही.

पहिली काही वर्षे आम्ही जे हाती लागेल ते ऐकत असू. २०१० साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक नव्या संचात पुन्हा रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून मात्र बैठकीला एक ठरलेला विषय मिळाला. पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेल्या आणि पं. जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला होता, म्हणजे आमची बैठक नेमकी त्याच आठवड्यात येते. हा योग मुद्दाम जुळवलेला नाही, त्या दिवसांत वांगी चांगली येतात एवढेच त्याचे कारण. १९६७ च्या संचात खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे होते आणि सदाशिवच्या भूमिकेत प्रसाद सावकार. २०१० च्या संचात खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाले अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे. जुन्या संचातील गायकांची कॅसेट माझ्याकडे होती, नव्या गायकांनी गायलेल्या त्याच पदांची ध्वनिमुद्रणे आमच्यातील एका शिक्षकांनी जमवली होती, आणि एकाच पदाची दोन्ही रूपे पाठोपाठ लावून त्यांवर बोलायचे, असा आमचा परिपाठ पडला.

या तुलनेत एक गंमत आहे, ती नाटक ठाऊक असलेल्यांना लगेच कळेल. हे नाटकच मुळात एकाच पदाच्या दोन गायकींवर उभे आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे पद खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडित भानुशंकर आणि त्यांचा शिष्य सदाशिव यांच्या घराण्याकडून येते तेव्हा ते सालगवराळी या दक्षिणेकडून आलेल्या रागात, एकेका अक्षरापाशी रेंगाळत, नमस्कार करत चालल्यासारखे येते. तेच शब्द खाँसाहेबांच्या तोंडी धानी रागात येतात आणि ऋषभ-धैवत गाळलेल्या त्या पाचच स्वरांत पदातला भुंगा अक्षरशः उधळतो. प्रसाद सावकारांचे सालगवराळीतले आणि वसंतरावांचे धानीतले पद मी पहिल्यांदा एकामागून एक ऐकले तेव्हा शब्द तेच आहेत हे ध्यानात यायला मला दुसऱ्या ओळीपर्यंत थांबावे लागले होते. त्रेचाळीस वर्षांच्या अंतराने गायल्या गेलेल्या दोन धानींमध्ये जितका फरक आहे, त्याहून कितीतरी अधिक फरक एकाच संचातल्या या दोन चालींमध्ये अभिषेकीबुवांनी आधीच करून ठेवला होता. त्यामुळे ‘जुने बरे की नवे’ हा आमचा वाद मला नेहमी थोडा उथळ वाटत आला, तरी मी त्यात हिरिरीने भाग घेत असे हेही खरे.

वादात जुन्याची बाजू आप्पा लढवत. आप्पा रेल्वेत गार्ड होते आणि पासावर मुंबईला जाऊन वसंतरावांचे ‘कट्यार’चे प्रयोग पाहून आलेले आमच्यातले ते एकटेच. कॅसेट सुरू झाली की ते मान खाली घालून ऐकत आणि संपली की दरवर्षी एकच गोष्ट सांगत, “टेपमधी पद सरतं. तिथं तं सरतच नव्हतं.” प्रेक्षकांतून वन्स मोअर आला की तेच पद वसंतराव निराळ्याच वाटेने कसे आणत, हे सांगताना त्यांचा हात आपोआप वर जाई आणि तान कुठे वळली ते हवेत दाखवी. एवढे सांगून झाल्यावर ते मूळ मुद्द्याकडे येत. नव्या मुलांचा गळा तयार आहे, पण त्यांना घाई आहे. जुन्या माणसाच्या गाण्यात जे वजन आहे, एकेक स्वर जमिनीवर ठेवत जाण्याचा जो दम आहे, तो यांच्यात नाही. आमच्यातले बहुतेक जण त्यांच्याशी सहमत होते, कारण ते वजन आम्हालाही ऐकू येत होते. राहुल देशपांड्यांचे पद कॅसेटच्या मागोमाग लावले की ते खरोखरच किंचित चढे आणि लगबगीचे वाटे.

२०१६ च्या बैठकीला माझा भाचा आला होता. जुनीच कॅसेट लावली तेव्हा त्याने मोबाइल काढून म्हटले की, मामा, हेच गाणे माझ्याकडेही आहे, पण माझ्याकडे ते असे नाही. त्याने ते लावले. वसंतरावच होते, तेच धानीतले पद होते, तान चुकूनही वेगळी नव्हती, आणि तरी ते आमच्या कॅसेटमधले नव्हते. नानांनी काही न बोलता पेटी पुढे ओढली, कॅसेटमधला षड्ज, म्हणजे ‘सा’, शोधला, मग मोबाइलमधला शोधला आणि दोन्ही बोटे शेजारशेजारच्या पट्ट्यांवर ठेवून आमच्याकडे पाहिले. मोबाइलवाले गाणे पुरती एक पट्टी वर होते. प्रथम सगळ्यांनी मोबाइललाच दोष दिला. आजकाल ही मंडळी गाणी चढवून टाकतात, असे व्यापाऱ्यांनी ठामपणे सांगितले.

मी तो टेपरेकॉर्डर जळगावला एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पेटी-तबल्याची काहीही चौकशी केली नाही. साठ मिनिटांची एक कॅसेट घातली, एक बाजू पूर्ण चालू दिली आणि घड्याळ पाहिले. तीस मिनिटांत संपायची बाजू संपायला बत्तीस मिनिटे लागत आली होती. मोटर फिरवणारा आतला रबरी पट्टा सैल पडला होता. फीत साधारण सहा टक्के हळू धावत होती आणि फितीचा वेग तेवढा उतरला की गाणे संथ तर होतेच, शिवाय स्वरही पेटीवरच्या एका पट्टीने खाली येतो. त्याने नवा पट्टा घातला, जुना कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि फारच थोडे पैसे घेतले. परतीच्या वाटेवर मी तो हिशेब मांडत होतो. निदान पाच-सहा वर्षे आम्ही वसंतरावांच्या गाण्यातले म्हणून जे वजन डोक्यावर घेतले होते, त्यातले काही छटाक तरी माझ्या टेपरेकॉर्डरचे होते.

पुढच्या वर्षी दुरुस्त केलेल्या यंत्रावर कॅसेट लागली तेव्हा मळ्यात कोणी फारसे बोलले नाही. वसंतराव आम्हाला आठवत होते त्याहून तरुण झाले होते. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेला आणि लाहोरला जाऊन असद अली खाँ यांच्याकडून मारवा राग घेऊन आलेला हा गायक संथ कधी नव्हताच. त्याची तान मध्येच तुटते, भलत्याच ठिकाणाहून उगवते आणि समेवर यायला उशीर झाला असे वाटेपर्यंत येऊन बसलेली असते. ‘तेजोनिधि लोहगोल’ मधल्या ललित पंचम रागाचा तो कडक उठाव त्या रात्री मी प्रथमच त्याच्या खऱ्या उंचीवर ऐकला. घाई आहे असे ज्या नव्या मुलांबद्दल आम्ही म्हणत होतो, त्यांच्या लयीहून ही लय काही कमी चपळ नव्हती.

त्यानंतर नव्या ध्वनिमुद्रणांकडे मी अधिक न्यायाने ऐकू लागलो. आजोबा १९८३ च्या जुलैमध्ये गेले तेव्हा राहुल देशपांडे चार वर्षांचेही नव्हते, म्हणजे खाँसाहेबांची गायकी समोर बसून घेण्याची संधी त्यांना मिळालीच नाही; ती त्यांनाही मुख्यतः आमच्यासारखीच ध्वनिमुद्रणांतून भेटली असणार, बहुधा बरा पट्टा असलेल्या यंत्रावर. त्यांच्या धानीत आजोबांच्या जागा येतात, पण त्या जागेवर पोचताना ते आधी किंचित थांबतात, आदराने पायरीवर थांबावे तसे. माझ्या मते तो आदर गाण्याला कधी शोभतो, कधी अडतो. महेश काळ्यांचे तसे नाही. त्यांची तालीम थेट संगीतकाराकडची, त्यामुळे सालगवराळीतली चाल ते स्वतःच्या घरात वावरावे तशी गातात, आणि तिच्यापुरते बोलायचे तर मला सावकारांच्या आणि त्यांच्या गाण्यात डावे-उजवे करवत नाही. ‘या भवनातील गीत पुराणे’ हे, जुने हळवे सूर घराबाहेर घालवा म्हणून बजावणारे पद पुनरुज्जीवनाच्या संचात ऐकताना मात्र दरवर्षी कोणीतरी हसतेच. २०१५ च्या चित्रपटातील गाणी आम्ही बैठकीत धरत नाही; वाद्यमेळ इतका मोठा आहे की पेटीजवळ बसून दोन स्वर पडताळावेत अशी जागाच त्यात सापडत नाही, असे नानांचे मत आहे आणि ते मला मान्य आहे.

गेल्या डिसेंबरात आप्पा काठी टेकत आले. भरीत बेताचेच घेतले, पण ऐकायला शेवटपर्यंत बसले. दोन्ही धानी झाल्या, सालगवराळी झाली, शेकोटीत उरलेल्या पऱ्हाट्या कोणीतरी पुढे सारल्या. मी टेपरेकॉर्डर आवरायला घेतला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावले आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, “तो जुना पट्टा फेकला तं नाही ना रे भो?”

फेकला नव्हता. कागदात गुंडाळलेला तसाच टेबलाच्या खणात आहे.