"क्वालिटीचं काम मॅडमना द्या"

जून २०२२. आमच्या उपजिल्हा रुग्णालयात सोमवारची मिटिंग चालू होती. अधीक्षक सरांनी 'लक्ष्य' या सरकारी दर्जासुधार कार्यक्रमाचं परिपत्रक वर धरलं आणि विचारलं, "लक्ष्यचं नोडल, म्हणजे सगळी जबाबदारी, कोण घेतंय?" सर्जन सर मोबाईलमध्ये, भूलतज्ज्ञ सर खिडकीबाहेर. हाडांचे सर म्हणाले, "क्वालिटीचं काम मॅडमना द्या. साफसफाई, फायली. बायकांना बरं जमतं ते." सगळे हसले. मीही हसले. आता आठवलं की राग येतो, पण त्यांच्या हसण्याचा नाही, माझ्या.

अकरा वर्षं मी तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. रात्री-अपरात्री सिझरला धावायचं ते मी. पण खर्चाच्या, माणसांच्या, खरेदीच्या एकाही कागदावर माझी सही लागत नव्हती.

'लक्ष्य' हा केंद्र सरकारचा डिसेंबर २०१७ मधला कार्यक्रम. सरकारी दवाखान्याचा प्रसूती कक्ष आणि बाळंतपणाचं ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, ठरलेल्या दर्जाला आणायचं. मग बाहेरचे तपासनीस येतात आणि प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण देतात. पास व्हायला सत्तर टक्के लागतात. तपासायच्या तऱ्हा चार: डोळ्यांनी बघायचं, स्टाफला विचारायचं, रेकॉर्ड चाळायचं आणि बाळंतिणीशी बोलायचं. या चौथीने माझी झोप उडवली, ते पुढे येईलच.

आधी आपले आपण गुण द्यायचे असतात. मी आणि इन्चार्ज सिस्टर दोन दुपारी बसलो. ४३ टक्के. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हे ४३ पण आपण सैल हाताने दिलेत."

सुधारणा दोन-दोन महिन्यांच्या सहा टप्प्यांत करायची. पहिल्यात पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा आलेख. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की तो सुरू करायचा, दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके आणि कळा मांडायच्या. आलेख सावधानतेची रेघ ओलांडून गेला की जागं व्हायचं, त्यापुढे चार तासांवर कृतीची रेघ. एमबीबीएसला सगळे शिकतात. आमच्याकडे प्रत्येक केसपेपरला तो लावलेला होता, भरलेला होता. मी मागच्या महिन्यातले तीस काढून टेबलावर पसरले. प्रत्येक कागदावर वरपासून खालपर्यंत एकच पेन. ठोके १४०, १४२, १४०, १३८. एकाही बाईचा आलेख रेघेच्या उजवीकडे गेलेला नाही. त्यात एक पेपर असा होता, की त्या बाईला आम्हीच पहाटे तीनला, बाळ अडलं म्हणून, ॲम्ब्युलन्सने जिल्ह्याला पाठवलं होतं. कागदावर तिचंही सगळं सुरळीत. खाली सही माझी.

बाळंतपण उरकल्यावर बसून भरलेले कागद होते ते. सिस्टरांना बोलून उपयोग नव्हता. रात्री दोन सिस्टर, तीन टेबलं आणि शेजारचा वॉर्ड. दर अर्ध्या तासाला मांडणार कोण? मी एकच नियम केला: जेव्हाचं तेव्हा लिहायचं, नाही जमलं तर जागा कोरी सोडायची. नंतर भरायचं नाही. सिस्टर घाबरल्या, "कोरा कागद वर गेला तर मेमो आम्हाला येईल." मी म्हटलं, मेमो माझ्या नावाने येऊ दे.

महिन्याभरात कोऱ्या जागांचा ढीग झाला. ते पेपर तारीख-वेळेनुसार लावले तर दिसलं, की कोरं पडतं ते बहुतेक रात्री एक ते पाच. तो गठ्ठा घेऊन मी सिव्हिल सर्जनांकडे गेले. अकरा वर्षं आम्ही "स्टाफ कमी आहे" म्हणून रडत होतो, त्याला कुणी विचारत नव्हतं. कोऱ्या कागदांनी मात्र रात्रीला तिसरी सिस्टर मिळवून दिली. नुसतं मागण्यात आणि मांडून मागण्यात एवढा फरक असतो, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. एमडीला हे कोणी शिकवत नाही.

दुसऱ्या टप्प्यात बाळंतिणीजवळ तिच्या माणसाला थांबू द्यायचं, म्हणजे टेबलांमध्ये आडोसा हवा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मी अंदाजपत्रक मांडलं. वीस मिनिटं मीच बोलत होते. संपल्यावर एका सदस्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या, बंधपत्रावर आलेल्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टर मुलाला विचारलं, "मग सर, किती लागतील?" तो पोरगा बिचारा लालबुंद. मी उत्तर दिलं. पुढचा प्रश्नही त्यालाच. तिसऱ्या प्रश्नाला त्याने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "मॅडम हेड आहेत, मी नाही." आडोसे मंजूर झाले. संडासाचं काम मात्र बांधकाम खात्याच्या फायलीत सात महिने अडकलं, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

आता चौथी तऱ्हा. सरावासाठी मी शेजारच्या तालुक्यातल्या एका मॅडमना तपासनीस म्हणून बोलावलं. त्यांनी एका बाळंतिणीला विचारलं, "कुणी ओरडलं का? मारलं का?" ती म्हणाली, "नाय बा, सगळे चांगले. पैसं तेवढं घेतलं. पेढ्याचं." मुलगा झाला तर पाचशे, मुलगी झाली तर दोनशे. हिला मुलगी झाली होती. दोनशे मावशींनी घेतले आणि वर म्हणाल्या, "पुढल्या खेपेला पाचशे घेईन."

हे मला माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. माहीत होतं, विचारलं कधी नव्हतं. मी मावश्यांना ओटीशेजारच्या खोलीत बसवलं आणि चिडूनच सुरुवात केली. पाच मिनिटांनी त्यातली थोरली म्हणाली, "मॅडम, चार महिने झाले, ठेकेदाराने पगार दिला नाही. तुम्हाला ठाऊक हाय का?" नव्हतं. त्या ठेक्यावर आहेत एवढंच ठाऊक होतं. मी पगारासाठी लेखी लावून धरलं, दर आठवड्याला एक पत्र, आणि पैसे मागणार नाही असा शब्द त्यांच्याकडून घेतला. पगार आला. पेढ्याचे पैसे पूर्ण बंद झाले का? उघड मागणं थांबलं. मुलगी-मुलाचा दर तर गेलाच. बाकीची खात्री मी देणार नाही.

लेबर रूमच्या भिंतीवर आमच्याकडे आनंदीबाई जोशींचा फोटो आहे. ८ मार्चला हार, खाली 'पहिल्या महिला डॉक्टर'. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून एमडी झालेल्या आनंदीबाईंना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी मिळाली होती; काम हाती घेण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. पदवी सगळ्यांना पाठ असते, हे पद कुणाच्या लक्षात नसतं. मलाही त्या वर्षी हार घालताना कुणीतरी सांगितलं.

राष्ट्रीय तपासणी २०२३ च्या शेवटी झाली. दोन दिवस. प्रसूती कक्ष ८१ टक्के, ओटी ६६. ओटी नापास, कारण आत जायची आणि बाहेर यायची वाट एकच, आणि ती भिंत पाडायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. सहा महिन्यांनी अधीक्षक सर निवृत्त झाले आणि आदेश आला: 'पुढील आदेशापर्यंत प्रभारी वैद्यकीय अधीक्षक'. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे पगार वाढला?" नाही वाढला. हाडांचे सर केबिनमध्ये येऊन म्हणाले, "अभिनंदन मॅडम, आता आमच्या रजा तुमच्या हातात."

भिंत त्याच पावसाळ्याआधी पाडली. फेरतपासणीत ओटी ७४ ने सुटलं.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी राज्याची माणसं येऊन बघून जातात. गेल्या मंगळवारी आम्ही पुन्हा आपले आपण गुण दिले. संसर्ग प्रतिबंधात सहा गुण घसरलो. दोन बेसिनचे कोपराने उघडायचे नळ गळतात, म्हणून कुणीतरी ते सुतळीने बांधून टाकलेत. सिस्टरांनी या वेळी सैल हाताने गुण दिले नाहीत. प्लंबर उद्या सकाळी नऊला येतो म्हणालाय.