टीना बार अपडेट: कोऱ्या नोटेवर डायटम आले कुठून?

डी. बी. कूपर म्हणजे १९७१ मधे विमानाचं अपहरण करून खंडणीचे पैसे घेऊन उडी मारणारा, कधीच न सापडलेला माणूस. त्यातल्या काही नोटा पुढे कोलंबिया नदीकाठच्या टीना बार या वाळूच्या पट्ट्यात सापडल्या, आणि त्या तिथे कशा आल्या हे मी गॅरेजमधे नोटा भिजवून, त्यांच्यावरचे डायटम (पाण्यातली, सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शेवाळं) मोजून तपासतेय. आणि आता कोऱ्या नोटेवरच ॲस्टेरिओनेला हा डायटम सापडला. मागच्या वेळी मी जे तक्ते टाकले होते त्यातला वाळूत पुरलेल्या नोटांच्या गड्डीचा तक्ता सध्या बाजूला ठेवा, त्यावर कोणी पुढचं काही बांधत असेल तर प्लीज थांबा, खाली सगळं सविस्तर लिहितेय.

कोरी म्हणजे नदीचं पाणी जिला कधी लागलंच नाही अशी एक डॉलरची नोट. बाकीच्या नोटांवर जे करते तेच सगळं हिच्यावर केलं, पेरॉक्साइडमधे तापवली, गाळ बसू दिला, डिस्टिल्ड पाण्याने धुतला, स्लाइड बनवली. यातून काहीच निघायला नको, त्यासाठीच तर ती असते. आणि ४०० पटीवर बघते तर लांब काडी, दोन्ही टोकांना गाठ, एक गाठ दुसरीपेक्षा जरा मोठी. ॲस्टेरिओनेलाच्या काड्या चांदणीसारख्या जोडलेल्या असतात आणि पेरॉक्साइडमधे ती चांदणी मोडून सुट्या होतात हे तुम्हाला माहितीये, पण ती गाठ बघितली की शंका राहत नाही. पुढे सरकवली तर अजून एक, मग एक फ्राजिलारिया, तोही डायटमच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे एवढं का लागलं ते सांगते. नोटांवरचे डायटम तपासणारे संशोधक टॉम केय यांच्या २०२० च्या पेपरने खेळच बदलला, कूपरच्या नोटांवर वसंत-उन्हाळ्यात फुलणाऱ्या जाती आहेत आणि हिवाळ्यातल्या नाहीत, म्हणजे २४ नोव्हेंबर १९७१ च्या रात्री पैसे थेट कोलंबियात पडून भिजले हे जमत नाही. माझ्या मते या केसमधलं गेल्या कित्येक वर्षातलं सगळ्यात भक्कम काम हेच. कूपरने विमानात सोडलेल्या टायवरचे टायटॅनियम, बिस्मथ वगैरेचे कण मला पण आवडतात, पण टाय आधी कोणाकोणाच्या गळ्यात होता कोण सांगणार. नोटा मात्र त्या रात्री त्या माणसाबरोबर विमानातून गेल्या आणि १० फेब्रुवारी १९८० ला टीना बारच्या वाळूत एका आठ वर्षांच्या मुलाला सापडल्या, तीन गड्ड्या, ५,८०० डॉलर, रबरबँड अजून जागेवर. याच्या मधे काय झालं ते नोटांनाच विचारायला हवं.

पण डायटम सांगतात नोटा भिजल्या कधी. नदीत पडल्या कधी, किंवा पडल्याच का, हा वेगळा प्रश्न आहे आणि आपल्याकडे हे दोन्ही सर्रास एकत्र होतात. समजा गड्डी सबंध हिवाळा काठावरच्या वाळूत कोरडी पडलेली आहे, माणसाने पुरली असेल नाहीतर दुसरं काही, आणि मे-जूनमधे डोंगरावरचा बर्फ वितळून कोलंबिया चढली, पाणी खालून वाळूत शिरलं, तर डायटम मधल्या नोटांपर्यंत पोचतील का? पोचत असतील तर गड्डी नदीत वाहायची गरजच उरत नाही. आणि नाही पोचले तर नोटा कधीतरी उघड्या पाण्यात सुट्या होऊन पसरलेल्या असल्या पाहिजेत, मग पुरलेवाल्यांना मोठा धक्का बसतो.

म्हणून गॅरेजमधले दोन टब. पहिल्यात गड्डी नुसती पाण्यात सोडलेली. दुसऱ्यात वाळूत पुरलेली आणि टायमरवरचा पंप पाणी हळूहळू चढवतो-उतरवतो, कारण बॉनव्हिलच्या धरणाखाली कोलंबियाला भरती-ओहोटी जाणवते. दोन्हीकडे पाणी आणि वाळू फ्रेंचमन्स बारच्या सार्वजनिक काठावरची, टीना बार खाजगी जमीन आहे, तिथे परवानगीशिवाय कोणी जाऊ नका. गड्डी शंभर नोटांची, एक-एक डॉलरच्या, कारण कागद तोच, ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन, आकार तोच, आणि विसाच्या घेतल्या तर दोन हजार डॉलर टबात बुडवायला लागतील.

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की पुरलेल्या गड्डीत कडेला भरपूर डायटम आहेत, आत जाल तसे कमी होत जातात, आणि अगदी मधल्या नोटांवर मोजकेच, पण आहेत. त्या "मोजकेच पण आहेत" वर सगळं उभं होतं. आणि आता कोऱ्या नोटेवर पण तेवढेच मोजके. कडेच्या आकड्यांना धक्का लागत नाही, तिथे संख्या खूपच जास्त आहे, उघड्या पाण्यातली गड्डी पण सेफ आहे. नेमका मधल्या नोटांचा आकडा गेला, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

मग शोध सुरू. पहिला संशय नोटेवरच, कारण चलनातली नोट कुठे कुठे फिरून आलेली असते, आणि डायटमची माती स्विमिंग पूलच्या फिल्टरमधे असते, रंगात असते, मुंग्यांच्या पावडरीत असते. इथे शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात क्विन्सीजवळ तर डायटोमाइटच्या, म्हणजे याच मातीच्या, खाणी आहेत. म्हणून बँकेतून नवं कोरं, सील असलेलं बंडल मागून आणलं, काउंटरवरच्या बाईंनी कशाला हवंय विचारलं तर मी खरं कारण सांगितलं आणि त्यांना कूपर माहिती होता, पोर्टलंडमधे हे सुख आहे! पण नव्या नोटेवरही तेच आलं, म्हणजे नोट सुटली.

मग पेरॉक्साइडचा थेंब वाळवून बघितला, स्वच्छ. डिस्टिल्ड पाणी, स्वच्छ. नवीन काच, नवीन कव्हरस्लिप, दोन्ही स्वच्छ. हवेतून येत असतील म्हणून झाकणाशिवाय स्लाइड रात्रभर ठेवली, धूळ आली, डायटम नाही. टबातली वाळू तर कोऱ्या नोटेच्या जवळपास पण नव्हती. उरलं काय? बीकर. आणि बीकर सगळेच करतात तसे आधी नळाखाली विसळायचे आणि मग डिस्टिल्डचे हात, प्रत्येक मॅन्युअलमधे हेच लिहिलेलं असतं.

इथे पोर्टलंडकरांच्या डोक्यात प्रकाश पडला असेल. आमचं नळाचं पाणी बुल रनमधून येतं, डोंगरातल्या धरणांचं पाणी, आणि ते फिल्टर होत नाही, निर्जंतुक होऊन येतं. पाणी अतिशय सुंदर आहे, पिऊन बघा, पण जलाशय म्हटला की डायटम आले. नळाला बारीक फिल्टर लावून रात्रभर बारीक धार सोडली, सकाळी तो फिल्टर पेरॉक्साइडमधे टाकला आणि स्लाइडवर सगळी मंडळी हजर, ॲस्टेरिओनेला सगळ्यात पुढे. काचेला सिलिका चिकटून बसते, डिस्टिल्डने तीनदा काय दहादा धुवा, थोडे राहतातच. दुसऱ्या गावात, जिथे पाणी फिल्टर होऊन येतं, तिथे हे कदाचित कधी कळलंही नसतं.

उत्तर मिळालं तेव्हा मी गॅरेजमधे एकटीच टाळ्या वाजवल्या. नाशिकच्या मावसभावाला लगेच फोन केला, तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते, तो म्हणाला, "ताई, म्हणजे तुझा नळच संशयित नंबर एक?" आणि मग लगेच कामाचं बोलला, की मधल्या नोटांच्या आकड्यातून कोऱ्या नोटेचा आकडा वजा कर की. पण वजा करून चालत नाही हो, दोन्ही आकडे इतके लहान आहेत की वजाबाकीला अर्थच उरत नाही. परत करावं लागणार, नवीन काच, नळ पूर्ण बंद, पहिल्यापासून शेवटपर्यंत डिस्टिल्ड.

असं ठरवून हे लिहायला बसले आणि लिहिता लिहिता वाटतंय की धुवायचंच कशाला? ओलं कामच नको. टायवरचे कण घ्यायला केयच्या टीमने चिकट स्टब (मायक्रोस्कोपखाली ठेवायचे छोटे ठोकळे) वापरले होते, तसंच नोटेवर टेप लावून उचलायचं, ना बीकर ना पाणी, आणि वर मोठा फायदा म्हणजे जागा कळते. कडेपासून किती मिलिमीटर आत हे पेरॉक्साइडमधे सगळं एकत्र होऊन हरवतं, टेपवर ते जसंच्या तसं राहील. माझ्या प्रश्नाला खरं तर तेच हवंय, किती यापेक्षा कुठपर्यंत.

फक्त साध्या पारदर्शक टेपवर हे दिसणार नाही. गोंदाचा आणि सिलिकाचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, डायटम गोंदात विरघळल्यासारखे गायब होतात, म्हणून तर आपण नॅफ्रॅक्सवर (स्लाइडसाठीचा जास्त अपवर्तनांकाचा डिंक) एवढे पैसे घालतो. फेज कॉन्ट्रास्ट या मायक्रोस्कोपच्या पद्धतीने थोडं दिसेल पण कापसाच्या धाग्यांच्या गर्दीत जात ओळखणं अवघड. कार्बन टेप (वीज वाहणारी चिकटपट्टी) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाच मार्ग दिसतोय. तासावर भाड्याने मिळतो, स्वस्त नाही, पण पन्नासावी नोट, पंचविसावी नोट आणि सगळ्यात वरची एवढ्या तीनच बघितल्या तरी चित्र स्पष्ट होईल. तर प्लॅन बदलला, पेरॉक्साइड फक्त नदीच्या पाण्यासाठी, नोटा कोरड्या बघायच्या.

(यूएसबीवाले स्वस्त मायक्रोस्कोप घेऊ का असं तिघाचौघांनी विचारलंय. नका घेऊ. त्यावर लिहिलेली पट खोटी असते. जुना, सेकंडहँड, चांगल्या ऑब्जेक्टिव्हचा ट्रायनॉक्युलर (दोन डोळ्यांना दोन आणि कॅमेऱ्याला तिसरी नळी असलेला) बघा, डोळे आणि पैसे दोन्ही वाचतील.)

आता आनंदाची गोष्ट, रबरबँड. एफबीआयचे तपास अधिकारी राल्फ हिमेल्सबाख यांचं म्हणणं होतं की गड्ड्या सुट्या वाहत आल्या असतील तर हायजॅकनंतर एकदोन वर्षातच काठाला लागल्या असणार, नाहीतर रबर टिकलंच नसतं. मी बँड ताणून तीन ठिकाणी ठेवले होते, कुंपणावर उन्हात, नदीच्या पाण्याच्या बादलीत आणि ओल्या वाळूत खोल. उन्हातले कधीच तडकून तुटले. वाळूतले काल काढले, ताणून सोडले तर टण्णकन परत! ऊन नाही, ओझोन नाही, गारवा आहे, रबर मजेत आहे. यावरून आठ वर्षांचं काही सिद्ध होत नाही, पण हिमेल्सबाख यांच्या उलट "रबर टिकलं म्हणजे पैसे उशिरा, सापडण्याच्या जरा आधी आले" हे वाक्य डोळे झाकून वापरणाऱ्यांनी आधी विचारावं की ते रबर त्या काळात होतं कुठे. लवकर पुरलं गेलं असेल तर ते टिकण्यात मला काहीच नवल वाटत नाही.

बँड घेताना एक काळजी घ्या. ऑनलाइन एका विक्रेत्याने शुद्ध नैसर्गिक रबर म्हणून पाठवलेले पाण्यात टाकले तर दगडासारखे तळाला गेले. नैसर्गिक रबर पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगायला हवं. बुडलं की त्यात खडूची पूड भरपूर आहे, त्याच्यावरचे निष्कर्ष आपल्या उपयोगाचे नाहीत. ही ग्लासभर पाण्याची टेस्ट प्रत्येकाने करा.

१९७४ मधे नदीचा तळ उपसून (ड्रेजिंग) काठावर टाकलेल्या गाळाबरोबर पैसे आले असं मानणाऱ्या ड्रेजवाल्यांनी परत विचारलंय. भूगर्भशास्त्रज्ञ लेनर्ड पामर यांनी नोटा त्या गाळाच्या थराच्या वर होत्या असं म्हटलं होतं, तो चिकणमातीचा थर ड्रेजचा की नैसर्गिक यावर नंतर वाद झाला, माझा कल नैसर्गिककडे आहे. पण त्यात मी आत्ता शिरत नाही, माझ्याकडे त्यावर नवीन काही नाही. पैसे वॉशूगल नदीतून आले म्हणणाऱ्या वॉशूगलवाल्यांना एवढंच, तुमची नदी कोलंबियाला टीना बारच्या वरच्या बाजूला मिळते हा तुमचा मोठा प्लस पॉइंट आहे, कूपर एरिअल गावाजवळ उतरला म्हणणाऱ्यांची लुईस नदी खाली मिळते आणि पैसे उलटे वाहत नाहीत. पण वॉशूगलमधून गड्ड्या तिन्ही एकत्र, एकाच जागी कशा आल्या हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. आणि संशयितांची नावं मला पाठवू नका, खरंच, माझं लक्ष न सापडलेल्या ९,७१० नोटा कुठे गेल्या याच्याकडे आहे.

मावसभाऊ आता व्हँकुव्हर (वॉशिंग्टन राज्यातलं) इथल्या नदीच्या पातळीमापकाच्या जुन्या नोंदींवर काम करतोय, १९७२ ते १९७९ प्रत्येक वर्षी वाळूची ती उंची कधी आणि किती दिवस पाण्याखाली गेली हे काढायचं. हे आणि डायटमचा हंगाम एकावर एक ठेवले तर काही वर्षं सरळ बाद होतील असं वाटतंय. त्याला टीना बारची १९७० च्या दशकातली हवाई छायाचित्रं हवी आहेत, चांगल्या रिझोल्युशनची, कोणाकडे स्कॅन असतील तर द्या.

मला स्वतःला हवंय ते कार्बन टेपवर कापडाचे किंवा कागदाचे नमुने घेतलेल्या कोणाचा तरी अनुभव, धागे टेपबरोबर उपटून येतात का, आणि नोट आधी वाळवायची कशी की आतलं पाणी कडेकडे सरकताना डायटम बरोबर नेणार नाही. गोठवून मग व्हॅक्यूममधे वाळवणं हे एक डोक्यात आहे. नदी चढायला लागलीये, शनिवारी फ्रेंचमन्स बारला जाऊन नवीन पाणी आणते आणि दुसरा टब पहिल्यापासून लावते, यावेळी एक गड्डी सैल बँडची आणि एक घट्ट, दोन्ही शेजारी शेजारी.