हॅना डेव्हिस सापडतच नव्हती

एप्रिलचा तिसरा सोमवार आला की आमच्या गावात पहाटे ढोल वाजतात. गाव म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं ॲक्टन, बॉस्टनच्या वायव्येला. इथे भारतीय इतके आहेत की लायब्ररीत कोणी मराठीत मुलांना दटावलं तरी मान वळत नाही. तो दिवस पॅट्रियट्स डे, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध जिथून सुरू झालं त्या लढाईच्या आठवणीचा. उजाडायच्या आत लोक त्या लढाईत पडलेल्या आयझॅक डेव्हिसच्या घराच्या जागेपासून शेजारच्या कॉन्कॉर्ड गावच्या नॉर्थ ब्रिजकडे चालत निघतात. सहा-सात मैलांची ही वारीच म्हणायची. पहिली तीन वर्षं आम्ही खिडकी घट्ट लावून पुन्हा झोपलो, हे प्रामाणिकपणे सांगते.

मग लेकीच्या शाळेत काम आलं: १९ एप्रिल १७७५ ला पडलेल्या गावच्या तिघांपैकी एकाच्या घराण्याची माहिती काढा. तिने आयझॅक डेव्हिस निवडला. कारण काय, तर "त्याचा पुतळा आहे, म्हणजे माहिती सोपी असणार." नॉर्थ ब्रिजपाशी डॅनियल चेस्टर फ्रेंचने घडवलेला, १८७५ साली उभा राहिलेला तो मिनिटमॅनचा पुतळा, एक हात नांगरावर आणि एक बंदुकीवर. वॉशिंग्टनमधला बसलेला लिंकन याच फ्रेंचचा. पुतळ्यामागे प्रेरणा डेव्हिसची होती असं इथे मानतात.

डेव्हिस बंदुका बनवणारा कारागीर. मिलिशिया म्हणजे गावातल्या शेतकरी-कारागिरांची पलटण, आणि त्यातले क्षणात निघायची तयारी ठेवणारे ते मिनिटमेन. ॲक्टनच्या या मिनिटमेनचा कॅप्टन डेव्हिस. बॉस्टनहून निघालेलं ब्रिटिश सैन्य कॉन्कॉर्डमधला शस्त्रसाठा शोधायला आलं होतं. पुलाच्या वरच्या टेकडीवर साधारण चारशे गावकरी जमले, तेव्हा पुढे कोण जाणार हा प्रश्न आला. डेव्हिसच्या माणसांच्या बंदुकांना संगिनी होत्या, मालक स्वतःच बंदूकवाला म्हटल्यावर असणारच. "जायला घाबरेल असा एकही माणूस माझ्याकडे नाही," असं तो म्हणाल्याचं सांगतात. पुलाजवळ पोचतात न पोचतात तो ब्रिटिशांच्या गोळ्या आल्या आणि तो जागीच गेला. वय तीस. शेजारचा ॲबनर होस्मरही पडला. तिसरा, जेम्स हेवर्ड, त्याच दुपारी लेक्सिंग्टनच्या हद्दीत एका विहिरीपाशी समोरासमोरच्या गोळीबारात जखमी होऊन गेला. गोळीने भोक पडलेलं त्याचं बंदुकीच्या दारूचं शिंग आमच्या गावच्या लायब्ररीत आहे. लेक ते बघायला तीनदा गेली.

इथवर सगळं सोपं. पुढे "घराणं" सुरू झालं आणि आम्ही अडकलो.

मॅसॅच्युसेट्समधल्या गावांनी १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी गोळा करून पुस्तकं छापली आहेत. आपल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांची आठवण यावी अशी, फक्त अकारविल्हे लावलेली. पण नावं बघा: आयझॅक, हॅना, जोसाया, ॲबनर. बायबलातली पंचवीसेक नावं घेऊन अख्खा प्रांत दीडशे वर्षं चालला असावा. मूल गेलं की पुढच्या बाळाला तेच नाव द्यायचं, म्हणजे एकाच आईबापांचे दोन आयझॅक. त्यात तारखांचा घोळ. १७५२ पर्यंत इंग्लंडात आणि तिच्या वसाहतींत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, जवळजवळ आपल्या पाडव्याच्या सुमाराला. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतले जन्म १७४४/४५ असे दोन सालांनी लिहिलेले. शके आणि इसवी सनाची कसरत लहानपणी पंचांगात बघितलेली, म्हणून मला हे लेकीपेक्षा लवकर उमगलं. थोडा भाव खाऊन घेतला.

डेव्हिसच्या बायकोचं नाव हॅना. माहेरची ब्राउन. नवरा मेला तेव्हाच्या नोंदीत ती हॅना डेव्हिस, आणि त्यानंतर ही बाई गायब. मृत्यूच्या नोंदीत नाही, थडग्याच्या दगडावर नाही. दोन शनिवार गेले. शेवटी लायब्ररीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तिने पुन्हा लग्न केलं असेल असं नाही का वाटलं तुम्हाला?"

नव्हतं वाटलं. तीस वर्षांचा हुतात्मा कॅप्टन आणि त्याची विधवा म्हटल्यावर माझ्या डोक्यात आपोआप पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी राहिली होती. प्रत्यक्षात हॅनाने पुढे सॅम्युएल जोन्सशी लग्न केलं आणि त्याच्यानंतर फ्रान्सिस लेटनशी. पदरी चार मुलं, धाकटं सव्वा वर्षाचं, करणार काय? हॅना लेटन असं शोधल्याबरोबर ती सापडली आणि तिच्यामागोमाग आयझॅकही सापडला. त्या सकाळचं घरातलं जे काही आज कळतं, त्यातलं बरंचसं तिनेच सांगितलेलं आहे.

आणि तिला ते कोणी, का विचारलं, ही खरी गंमत. १८३५ मध्ये ॲक्टनला शंभर वर्षं झाली. ॲक्टन आधी कॉन्कॉर्डचाच भाग होतं. पुलावरच्या लढाईचं श्रेय कॉन्कॉर्डवाले घेतात, आमच्या कॅप्टनला विसरतात, अशी ॲक्टनकरांची जुनी तक्रार. पालखीच्या मानावरून दोन गावांत पिढ्यानपिढ्या धुसफूस चालते ना, तसंच. तेव्हा पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या शपथेवर जबान्या घेतल्या. त्यात एकोणनव्वद वर्षांची हॅना. साठ वर्षांत तिचं दुःख विचारायला कोणी आलं असेल-नसेल. मान कोणाचा हे ठरवायला मात्र आले.

ती सांगते: मुलं सगळी आजारी होती, काहींना घशाचा त्रास आणि अंगावर पुरळ. नवरा त्या सकाळी फारसं बोलला नाही. कंपनी घेऊन निघाला तेव्हा मागे वळला, काहीतरी सांगायचं असावं असं वाटलं. "मुलांची नीट काळजी घे," एवढंच म्हणाला आणि दिसेनासा झाला. दुपारी त्याला घरी आणलं आणि तिच्या झोपायच्या खोलीत ठेवलं. चेहरा फारसा बदलला नव्हता, असं ती म्हणते. होस्मर आणि हेवर्ड यांनाही त्याच घरी आणलं, तिघांचे अंत्यविधी एकत्र झाले. आजारी मुलं त्या वेळी कुठल्या खोलीत होती, हे कोणी विचारलेलं नाही.

पुढे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तिच्यासाठी वेगळा कायदा करून पेन्शन दिली. त्या कायद्यातही ती हॅना लेटन. १८५१ मध्ये गावाच्या मध्यावर उंच दगडी स्तंभ उभा राहिला, तिघांचे अवशेष दफनभूमीतून काढून त्याखाली ठेवले. त्यावर नावं तिघांची.

माझं माहेर साताऱ्याकडचं. तिकडे गावोगावी शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत पांढऱ्या दगडाची पाटी असते: या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके मेले. नुसते आकडे. वसाहतीचेच शिपाई तेही, पण त्या पाटीवर नाव एकाचंही नाही. लेकीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "मग यांची हॅना कशी शोधायची?" मी चहा ठेवायला उठले.

तिच्या तक्त्यात हॅनाची चौकट अपुरी पडली. ब्राउन, डेव्हिस, जोन्स, लेटन एवढं मावेना, म्हणून शेजारी कागदाचा तुकडा चिकटवला. तो तक्ता बघून मी आमची वंशावळ काढली, चुलत आजोबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेली, सात पिढ्यांची. पुरुष सगळे आहेत. माझ्या पणजीच्या जागी "सौ. लक्ष्मीबाई", आणि हे नाव लग्नात ठेवलेलं. आईला फोन करून विचारलं, पणजीचं माहेरचं नाव काय होतं गं? आई जरा वेळ गप्प. "थांब, रहिमतपूरच्या मामांना विचारते, त्यांना असेल ठाऊक."

याला तीन आठवडे झाले. मामांचा फोन अजून आलेला नाही.