नायट्रसची गळती

आज मिरजेतल्या एका रुग्णालयात नायट्रस ऑक्साइडची पाइपलाइन तपासली. १०० वर्षांच्या हिशेबात पृथ्वी तापवण्यात या भुलीच्या गॅसचा १ किलो म्हणजे साधारण २७३ किलो कार्बन डायऑक्साइड! ३० किलो गळला की ८ टनांच्या वर. त्यातला कितीतरी रुग्णापर्यंत पोहोचतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

निळ्या सिलिंडरच्या दाब दाखवणाऱ्या काट्यावर विसंबू नका. आत गॅस द्रवरूपात असतो. द्रव संपेपर्यंत काटा जवळपास जागचा हलत नाही. सिलिंडरचं वजनच करा आणि शस्त्रक्रियांमधल्या खऱ्या वापराशी ताडून बघा.

शस्त्रक्रिया नसताना, भूलतज्ज्ञांना सांगून, फक्त नायट्रसचे सिलिंडर बंद करा (ऑक्सिजनला हात लावायचा नाही). लाइनमधला दाब साधारण ४ बार असतो. सकाळी तो उतरलेला दिसला तर गळती आहे. मॅनिफोल्डच्या (सिलिंडर जिथे लाइनला जोडतात त्या नळ्यांच्या) जोडांवर, आउटलेटवर साबणाचं पाणी लावा. बहुतेकदा झिजलेला वॉशर नाहीतर ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) सापडते. तिथे तेल, ग्रीस कधीच नको, आगीचा धोका असतो.

खरं तर वापर कमी असेल तर अख्खी लाइनच बंद करावी. भुलीच्या मशिनला छोटा सिलिंडर जोडायचा आणि काम झालं की त्याची चावी घट्ट बंद करायची. साताऱ्या-सांगलीकडच्या कुणाला ही तपासणी करायची असेल तर कमेंटमध्ये विचारा.